‘ठाण्याला पाठवा’: इंग्रजी अमलात वेड्यांच्या इस्पितळांचा कारभार कसा चालायचा

मुंबईकडे कुणी जरा चमत्कारिक वागलं की ‘याला ठाण्याला पाठवा’ असं पटकन तोंडातून निघतं. पुण्यात तेच काम ‘येरवडा’ हा शब्द करतो. फक्त येरवड्याला मोठा तुरुंगही आहे आणि मोठं मनोरुग्णालयही. ‘तो सध्या येरवड्याला असतो’ असं कुणी हळू आवाजात सांगितलं, तर कुठल्या दाराआड, हे पुढच्या वाक्यावरून ओळखावं लागतं. लहानपणी मला या दोन्ही जागा एकच वाटायच्या. पुढे जुने कायदे वाचताना कळलं, की माझा तो गैरसमज अगदीच निराधार नव्हता. दीडशे वर्षांपूर्वी सरकारदरबारी त्यांच्यात खरोखरच फार अंतर नव्हतं.

आता हा विषय पुन्हा कानावर येतो तो जमिनीमुळे. ठाणे आणि मुलुंड यांच्यामधलं नवं रेल्वे स्टेशन मनोरुग्णालयाच्या जागेवर होणार आहे, आणि त्या निमित्ताने अनेकांना प्रश्न पडतो: ऐन शहरात एवढी मोठी जागा या इस्पितळाला कुणी आणि का दिली? उत्तर सोपं आहे. जागा दिली तेव्हा ते ऐन शहर नव्हतं. वस्तीपासून लांब, भोवती भिंत आणि आत काम करून घेण्याजोगी मोकळी जमीन, अशीच जागा तेव्हा शोधली जात असे. पण ती तशीच का शोधत, हे कळायचं असेल तर इमारतीऐवजी कारभाराकडे बघावं लागेल.

एक खुलासा आधीच करतो. ‘वेडा’, ‘वेड्यांचं इस्पितळ’ हे शब्द आज कुणाला लावू नयेत. जुन्या कायद्याची भाषा सांगताना मात्र ते टाळता येत नाहीत, कारण त्या भाषेतच सगळी गोम आहे.

दाराची किल्ली कुणाकडे?

कुठलीही संस्था समजून घ्यायची असेल तर दोन प्रश्न विचारावेत. आत कोण घालतं? आणि बाहेर कोण सोडतं?

साध्या इस्पितळात आपण स्वतःच्या पायांनी जातो. खिडकीवर केसपेपर काढतो, डॉक्टर तपासतात, भरती करतात. बरं वाटलं की डॉक्टर सोडतात. त्यांनी नाही सोडलं, तरी आपण सही करून घरी जाऊ शकतो.

इंग्रजी अमलातल्या वेड्यांच्या इस्पितळात यातलं काहीच नव्हतं. माणूस आत जायचा तो मॅजिस्ट्रेटच्या हुकमाने. डॉक्टरचा दाखला लागायचा, पण निर्णय मॅजिस्ट्रेटचा. त्याआधी बहुतेक वेळा त्याला रस्त्यावरून उचलून आणलेलं असायचं पोलिसांनी. आणि एकदा आत गेल्यावर बाहेर सोडायचा अधिकारही एकट्या डॉक्टरच्या हातात नव्हता.

१८५८ सालचे तीन कायदे

१८५८ हे साल शाळेत पाठ केलेलं असतं: कंपनीचं राज्य गेलं, राणीचं आलं. त्याच वर्षी वेडेपणाविषयी एकापाठोपाठ एक तीन कायदे झाले. त्यांतले दोन मालमत्तेबद्दलचे होते. एखादा जमीनजुमला असलेला माणूस भ्रमिष्ट झाला तर त्याची मिळकत कोण सांभाळणार, हे कोर्टाने कसं ठरवायचं, याचे हे कायदे. एक बड्या शहरांतल्या सुप्रीम कोर्टांसाठी, दुसरा जिल्ह्यांसाठी. तिसरा, म्हणजे त्या वर्षीचा ३६वा कायदा, इस्पितळांचा.

ही वाटणी नीट बघा. ज्याच्याकडे काही आहे त्याच्या मिळकतीची काळजी, आणि ज्याच्याकडे काही नाही त्याच्या देहाचा बंदोबस्त. आजारी माणसाला बरं कसं करायचं, याला या तिन्हींत फारशी जागा नाही.

तिसऱ्या कायद्याने पोलिसांवर एक कर्तव्य टाकलं: जो कुणी मोकाट भटकताना दिसेल आणि वेडा वाटेल, किंवा वेडाच्या भरात धोकादायक वाटेल, त्याला पकडून मॅजिस्ट्रेटपुढे उभं करायचं. मॅजिस्ट्रेटने डॉक्टरकरवी तपासणी करून घ्यायची आणि खात्री पटली की भरतीचा हुकूम काढायचा. घरचे लोकही अर्ज करू शकत होते. पण घरात कुणाला वेड लागलं तर ते चार भिंतींत ठेवायचं, देवाला नवस बोलायचे, वैद्य बघायचे, हीच तेव्हाची रीत. सरकारी इस्पितळात नेणं हा शेवटचा, नाइलाजाचा मार्ग होता. त्यामुळे आत गेलेल्यांत मोठा भरणा होता तो रस्त्यावर सापडलेल्यांचा: गोसावी-फकीर, काम शोधत परमुलखात आलेले, कुणी नसलेले. पुरुष बरेच जास्त, बायका कमी. बायकांना मानसिक आजार कमी होत असे नाही. त्या रस्त्यावर पोलिसांच्या नजरेला कमी पडत.

प्रत्येक इस्पितळावर सरकारने निदान तीन ‘व्हिजिटर’ नेमायचे होते. व्हिजिटर म्हणजे नातेवाईक नव्हेत, तर महिन्यातून एकदा येऊन तपासणी करणारे सरकारने नेमलेले लोक. त्यांत एक डॉक्टर हवा. आणि तुरुंगांचा इन्स्पेक्टर तर पदसिद्ध व्हिजिटर असायचा, म्हणजे वेगळी नेमणूक लागायचीच नाही. रुग्णाला सोडायचं तर तीन व्हिजिटरांचा लेखी हुकूम लागे.

सातबाऱ्याचा ज्याला अनुभव आहे त्याला हे लगेच कळेल. नाव चढायला तलाठ्याची एक नोंद पुरते. तेच नाव उतरवायचं म्हटलं की तालुक्याला खेटे घालायला माणूस लागतो. आणि इथे ज्याच्यासाठी खेटे घालायचे तो भिंतीआड, आणि बाहेर त्याचं कुणी नाही.

‘कारण’ नावाचा रकाना

आता एक कागद जवळून बघू. मला या सगळ्या इतिहासात सर्वांत बोलका वाटतो तो हाच.

रुग्णाबरोबर इस्पितळात एक तक्ता यायचा. नाव, वय, जात, गाव, धंदा, वेड किती दिवसांपासून, आणि एक रकाना: वेडाचं कारण. हा तक्ता भरला जायचा तो बहुधा पोलिसांकडून आलेल्या माहितीवर. समजा, बाजारात बडबडत फिरणारा एक परगावचा माणूस पकडला. त्याची बोली शिपायाला कळत नाही, बरोबर कुणी नाही. कारणाच्या रकान्यात काय लिहायचं? त्याच्याजवळ चिलीम सापडली, किंवा कुणी म्हणालं की हा बैराग्यांबरोबर बसायचा. मग लिहिलं जायचं: गांजा.

हा कागद पुढे इस्पितळात गेला की सुपरिंटेंडेंट साहेबांच्या रजिस्टरात तेच कारण उतरायचं. वर्षाअखेर सरकारला छापील अहवाल जायचा, त्यात कारणांचं कोष्टक असायचं, आणि त्या कोष्टकात गांजा ठळकपणे दिसायचा. शिपायाचा अंदाज तीन टप्प्यांत वैद्यकीय आकडा होऊन जायचा. मग विलायतेत त्याच आकड्यांवरून म्हटलं जायचं की गांजा हिंदुस्थानला वेडा करतो आहे.

हे पुढे उघडकीला आलं. ब्रिटिश पार्लमेंटात प्रश्न निघाल्यावर १८९३ साली भांग-गांजाच्या चौकशीसाठी सात जणांचं कमिशन नेमलं गेलं. त्यात तीन हिंदी सभासद होते. कमिशनने हजाराहून जास्त साक्षी घेतल्या, पण त्यांचं सर्वांत मोलाचं काम वेगळंच होतं. त्यांनी १८९२ या एका वर्षात इस्पितळांत दाखल झालेल्यांचे कागद काढले आणि उलट तपास केला. हा माणूस मुळात कुठला, घरचे काय सांगतात, आधी काय झालं होतं, याची नव्याने चौकशी लावली. त्या वर्षीच्या १,३४४ दाखल रुग्णांपैकी २२२ जणांपुढे भांग-गांजा हे कारण लिहिलेलं होतं. तपासाअंती उरले ९८. त्यांतही ३७ जणांच्या बाबतीत दुसरी कारणं मिसळलेली होती. निव्वळ गांजावर बोट ठेवता येईल असे ६१.

थोडक्यात, त्या रकान्यातली निम्म्याहून जास्त कारणं चौकशीत टिकलीच नाहीत. मला इथे आकड्यांपेक्षा एक गोष्ट जास्त टोचते. या माणसांच्या घरी जाऊन विचारलं तर उत्तर मिळत होतं. कुणाच्या घरात आधीपासून आजार होता, कुणाला तापानंतर झालं होतं. फक्त तोवर कुणी विचारलं नव्हतं.

इस्पितळ कोण चालवायचं?

वर असायचा सुपरिंटेंडेंट, बहुधा इंडियन मेडिकल सर्व्हिसमधला अधिकारी. ही मुळात लष्करी डॉक्टरांची नोकरी, म्हणून नावापुढे मेजर, कर्नल असे हुद्दे. एकोणिसाव्या शतकात हाच माणूस बऱ्याच ठिकाणी जिल्ह्याचा सिव्हिल सर्जन असे. त्याच्याकडे सरकारी दवाखाना, तुरुंगाची तपासणी, खुनाच्या प्रकरणांतली शवचिकित्सा, आणि जमेल तसं वेड्यांचं इस्पितळ. मनाच्या आजारांचं वेगळं शिक्षण घेतलेला डॉक्टर विरळाच. बदली झाली की दुसरा यायचा.

रोजचा कारभार खालच्या माणसांवर चालायचा: हिंदी डॉक्टर, ओव्हरसियर, पहारेकरी. रुग्णाची भाषा त्यांनाच कळायची, तो का रडतो तेही त्यांनाच. अहवालांत मात्र त्यांचा उल्लेख येतो तो मुख्यतः पगाराच्या रकान्यात.

उपचार म्हणाल तर हातात फार काही नव्हतंच. झोपेची आणि शांत करणारी औषधं, जुलाब, बरं खाणं आणि काम. काम म्हणजे बागकाम, दळण, विणकाम, दोऱ्या वळणं. हाताला काम असलं की मन ठिकाणावर येतं, असा विचार त्यामागे होता आणि तो चुकीचा नव्हता. पण त्याच कामाच्या विक्रीतून दरडोई खर्च किती खाली आला, हेही अहवालात मोठ्या आस्थेने मांडलेलं असायचं. त्यामुळे कुठलं काम रुग्णासाठी आणि कुठलं ताळेबंदासाठी, ही रेघ पुसट होत गेली.

गोऱ्या रुग्णांचं काय व्हायचं?

त्यांची सोय वेगळी. वेडा झालेला गोरा माणूस नेटिवांच्या नजरेला पडू नये, ही राज्यकर्त्यांची मोठी चिंता होती. सत्तेचा रुबाब हा राज्य चालवण्याच्या साधनांपैकीच एक. म्हणून कंपनीने १८१८ पासून लंडनमधल्या हॅकनी इथे पेम्ब्रोक हाउस नावाच्या खासगी इस्पितळाशी बोलणी करून ठेवली होती. हिंदुस्थानात लवकर बरे न होणारे गोरे रुग्ण बोटीने तिकडे रवाना व्हायचे. १८७० नंतर त्यांच्यासाठी ईलिंगला सरकारी इस्पितळ झालं, तेही १८९२ मध्ये बंद पडलं.

पुढे १९१८ साली रांचीला खास युरोपियनांसाठी इस्पितळ उघडलं. तिथले सुपरिंटेंडेंट ओवेन बर्कली-हिल हे खरोखर या विषयाचे डॉक्टर. मनोविश्लेषणाचे जाणकार, हाताच्या कामातून उपचाराचा वेगळा विभाग सुरू करणारे. तिथे काय शक्य आहे ते दिसत होतं. पण ज्यांच्यासाठी ते होतं ते मूठभर होते. शेजारीच १९२५ मध्ये हिंदी रुग्णांसाठी दुसरं इस्पितळ निघालं. त्याचा कारभार जाल धनजीभाई या पारशी डॉक्टरांकडे आला. गोऱ्यांच्या इस्पितळाइतका पैसा हाताशी नसताना त्यांनी नवे उपचार तिथे आणले. हे नाव आपल्याकडे जवळजवळ कुणाला ठाऊक नाही, याचं मला वाईट वाटतं.

‘पण त्यांनी इस्पितळं तर बांधली ना?’

हा आक्षेप हमखास येतो, आणि त्यात तथ्य आहे. महाराष्ट्रातली चारही सरकारी मनोरुग्णालयं त्याच काळातली: नागपूर १८६४, रत्नागिरी १८८६, ठाणे १९०१ आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला येरवडा. त्याआधी मुंबईत कुलाब्याला इस्पितळ होतं, ते कायम तुडुंब भरलेलं असे.

मात्र ‘त्यांनी’ हा शब्द जरा तपासावा लागतो. ठाण्याचं इस्पितळ सुरू झालं ते नरोत्तमदास माधवदास या मुंबईच्या घराण्याच्या नावाने. जुन्या कागदांत ते एन. एम. मेंटल हॉस्पिटल म्हणूनच येतं. सिंधमधल्या हैदराबादचं इस्पितळ कावसजी जहांगीर या पारशी दानशूराच्या नावाचं. पैशाचा चांगला भाग इथल्याच व्यापाऱ्यांच्या खिशातून आला होता. नियम मात्र सरकारचे.

आणि बांधलं तरी किती? १९४६ साली भोर समितीचा अहवाल आला. ही समिती इंग्रज सरकारनेच देशाच्या आरोग्यव्यवस्थेच्या पाहणीसाठी नेमली होती. तिने मांडलेला हिशोब असा: हिंदुस्थानात साधारण ४०,००० लोकांमागे मनोरुग्णांसाठी एक खाट, तर इंग्लंडमध्ये ३०० लोकांमागे एक.

‘तेव्हा इंग्लंडमध्ये तरी काय वेगळं होतं?’

हाही प्रश्न रास्त आहे. कुलुपं, उंच भिंती, गर्दी हे विलायतेतही होतं. तिथले रुग्णही मॅजिस्ट्रेटच्या हुकमाने आत जात. फरक होता तो बाहेरच्या दबावात. तिथे वर्तमानपत्रं, पार्लमेंट, मतदार होते. इस्पितळावर देखरेख करायला स्वतंत्र मंडळ होतं, तुरुंगाचं खातं नव्हे. इथे रुग्णाची बाजू मांडणारं असं कुणीच नव्हतं, आणि ज्यांच्यासाठी व्यवस्था होती त्यांना तिच्याबद्दल बोलायचा अधिकारही नव्हता.

भोर समितीसाठी देशभरच्या मनोरुग्णालयांची पाहणी केली कर्नल मूर टेलर यांनी, म्हणजे रांचीच्या युरोपियन इस्पितळाच्या प्रमुखाने. घरच्याच माणसाचा अहवाल. त्यांनी लिहिलं की बहुतेक इस्पितळं कालबाह्य आहेत आणि ती माणसांना डांबून सुरक्षित ठेवण्यासाठी बांधलेली आहेत, बरं करण्यासाठी नव्हेत. सर्वांत वाईट म्हणून चार नावं घेतली: पंजाब, आग्रा, नागपूर आणि ठाणे. त्यांना या जागांत तुरुंगाची कळा दिसली.

मग १९१२ च्या कायद्याने काय बदललं?

काही चांगलं बदललं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून ही इस्पितळं तुरुंगांच्या देखरेखीतून वैद्यकीय खात्याकडे जाऊ लागली, पूर्णवेळ सुपरिंटेंडेंट नेमले जाऊ लागले. १९१२ च्या इंडियन लुनसी अ‍ॅक्टने आधीचे विखुरलेले कायदे एकत्र केले. मॅजिस्ट्रेटला संशय असेल तर दहा-दहा दिवसांनी वाढवत जास्तीत जास्त तीस दिवस माणसाला निरीक्षणाखाली ठेवायची तरतूद आली. स्वतःहून येणाऱ्यालाही प्रवेशाची वाट किंचित उघडली, पण त्यालाही दोन व्हिजिटरांची संमती लागे! १९२० नंतर ‘असायलम’ जाऊन ‘मेंटल हॉस्पिटल’ अशी पाटी लागली.

गाभा तोच राहिला. पोलीस, मॅजिस्ट्रेट, हुकूम, व्हिजिटर.

आणि आता सगळ्यात धक्कादायक गोष्ट. स्वातंत्र्य आलं, फाळणी झाली, १९५० मध्ये तर लाहोरच्या इस्पितळातले शेकडो हिंदू-शीख रुग्ण अमृतसरला आणि इकडचे मुसलमान रुग्ण तिकडे अशी अदलाबदलही झाली. घटना आली. लुनसी अ‍ॅक्ट मात्र चालूच राहिला. त्याच्या जागी आलेला कायदा १९८७ चा, आणि तो लागू झाला १ एप्रिल १९९३ ला. राणीच्या नातवाच्या काळात झालेला कायदा आपण मोबाइल फोन यायच्या उंबरठ्यापर्यंत वापरत होतो. त्याच १९९३ साली सर्वोच्च न्यायालयाला पत्रकार शीला बारसे यांच्या याचिकेवर सांगावं लागलं, की कुठलाही गुन्हा न केलेल्या मनोरुग्णांना तुरुंगात ठेवणं बेकायदा आणि घटनाविरोधी आहे. म्हणजे तोवर ठेवलं जात होतं.

आज हे सगळं कळून काय करायचं?

येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी या चार ठिकाणी मिळून ५,६९५ खाटा मंजूर आहेत. एकट्या येरवड्यात २,५४०. आत असलेल्यांपैकी शेकडो जण दहा-दहा वर्षांहून अधिक काळ तिथेच असल्याचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापुढे गेला आहे. त्यांतल्या अनेकांना आता इस्पितळाची गरज नाही. घरचे न्यायला येत नाहीत, किंवा पत्ताच सापडत नाही. हे वाचताना मला तो जुना रकाना आठवतो, कारणाचा. गावाचाही रकाना होताच त्यात. तो किती नीट भरला गेला, यावर माणूस परत जाणार की नाही हे ठरायचं, आणि अजूनही ठरतं.

२०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा या बाबतीत खरोखर उलट दिशेने चालतो. स्वतःच्या इच्छेने भरती होणं आणि इच्छेने घरी जाणं हा आता नियम, सक्ती हा अपवाद. साखळीने बांधायला बंदी. घरच्यांनी टाकलं एवढ्या कारणावरून कुणाला इस्पितळात ठेवून घेता येत नाही. सक्तीच्या भरतीची तपासणी करायला मंडळं आहेत. कागदावरचं सगळं प्रत्यक्षात उतरलंय असं मी म्हणणार नाही. पण किल्ली कुणाकडे, या प्रश्नाचं उत्तर बदललं आहे.

त्यातलं कलम १०० तुम्हाआम्हा सगळ्यांना ठाऊक असायला हवं, कारण ते थेट १८५८ च्या त्या भटकणाऱ्या माणसाबद्दल आहे. स्टेशनवर, पुलाखाली कुणी असा माणूस दिसला आणि तुम्ही पोलिसांना कळवलं, तर पोलिसांनी त्याला लॉकअपमध्ये ठेवायचं नाही. जवळच्या सरकारी आरोग्यकेंद्रात चोवीस तासांच्या आत न्यायचं. आणि त्याचं कुणी सापडत नसेल, तर पोलीस ठाण्यात त्याच्या नावाने नोंद करायची ती हरवलेली व्यक्ती म्हणून, आणि त्याचं घर शोधायला लागायचं.